पिवळ्या चिठ्ठीवरचा दोष

आमच्या ताईंबद्दल कोणी चांगलं बोलायला लागलं की मला आधी राग येतो. ऑफिसात आता सगळेच बोलतात. काय बाई होती, असं माणूस आता मिळायचं नाही, वगैरे. त्यांच्या निरोपाच्या दिवशी घड्याळाकडे बघत टाळ्या वाजवणारे हेच लोक. मीही त्यांच्यात बसून मान हलवते. म्हणून म्हटलं, ताईंविषयी लिहायचं तर आपणच लिहावं. एकोणीस वर्षं त्यांच्या समोरच्या खुर्चीत मी बसले होते, आणि त्यांची खुर्ची गेली त्यात माझाही हात आहे. ते कसं, ते सांगते.

आमचा छापखाना औषधांचा. म्हणजे औषधाच्या खोक्यात जो बारीक अक्षरांचा घडी घातलेला कागद असतो ना, कोणी वाचत नाही तो, तो आम्ही छापतो. कोणी वाचत नाही हे बाहेरच्यांचं. आमच्याकडे तो दोन बायका वाचायच्या, मी आणि ताई. तपासणीची खोली मशिनांपासून लांब, कागदांच्या गोदामाच्या वर. एक टेबल, दोन खुर्च्या, एक लोखंडी कपाट, उत्तरेकडे खिडकी. पद्धत अशी, की एकीने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, दुसरीने छापून आलेला नमुना, म्हणजे प्रूफ, बघायचा. स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस सुरू, कंस बंद, सगळं तोंडाने बोलायचं. ओळ जुळली की बघणारीने 'हं' म्हणायचं. 'हं' आलं की पुढची ओळ. शेवटी सही बघणारीची, कारण डोळा तिचा.

वाचणारी मी. बघणाऱ्या ताई.

ताईंकडे वडिलांच्या वेळचं एक गोल भिंग होतं, पितळी दांडीचं. काम झालं की ते रुमालात गुंडाळून पर्समध्ये. ऑफिसातलं भिंग त्यांनी कधी वापरलं नाही. 'त्यातून अक्षर तिरकं दिसतं,' म्हणायच्या. मला नाही कधी तिरकं दिसलं. लग्न केलं नव्हतं. नवीन आलेलं कोणी आगाऊपणे विचारलंच तर म्हणायच्या, 'प्रूफच आलं नाही, सही कशावर करू?' घरी म्हातारी आई, कानाने अधू. मला 'अगं' म्हणायच्या, माझ्या मुलीच्या परीक्षांच्या तारखा माझ्यापेक्षा त्यांना जास्त पाठ. मी नवी असताना माझं वाचन धावायचं. ताई एकदाच म्हणाल्या, 'अगं, हे औषध कोणीतरी पोटात घेणार आहे. सावकाश.' बस, पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

दोन वर्षांपूर्वी नवे साहेब आले. वय बेताचं, दात फार. कुठल्यातरी प्रशिक्षणाला जाऊन आले आणि येताना खोकंभर पुस्तकं घेऊन आले. माणसाने स्वतःला कसं सुधारावं याची. पहाटे उठणाऱ्यांचं एक, नाही म्हणायला शिकवणारं एक, रागावर एक, आळसावर एक, शिवाय आरशासमोर उभं राहून स्वतःशी काय बोलावं यावर तीनशे पानं. दर शुक्रवारी चहानंतर वीस मिनिटं वाचनकट्टा. पुस्तक एकाने वाचायचं, त्यातलं काय पटलं ते सगळ्यांना सांगायचं, मग पुस्तक पुढच्याकडे. कपाटाची किल्ली आणि कोणाकडे काय गेलं त्याची वही माझ्याकडे दिली. मी म्हटलं बरं. नाही म्हणायला शिकवणारं पुस्तक तेव्हा माझ्याकडे यायचं होतं.

ह्यात साहेबांची एक खास कल्पना होती. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानाला एक पाकीट चिकटवलेलं, आणि त्यात पिवळ्या चिठ्ठ्या. पुस्तक परत करताना एका चिठ्ठीवर लिहायचं: 'या पुस्तकाने मला माझ्यातला कोणता दोष दाखवला?' खाली नाव. साहेब म्हणाले, 'मनमोकळं लिहा. हे फक्त आपल्या कट्ट्यापुरतं आहे. दोष लिहून काढला की अर्धा जातो.'

आता माणसं काय खुळी असतात का? जो तो वेळ ओळखून लिहायचा. हिशेबनीस लिहायचा, 'मी कामात इतका बुडून जातो की जेवण विसरतो.' कागद कापायच्या मशिनवरचे काका, त्यांना आम्ही सुरीकाका म्हणतो, त्यांनी सहा पुस्तकांना सहा वेळा एकच दोष लिहिला, 'मी वेळेआधी येतो.' मी काय लिहायची? 'मला दुसऱ्याची चूक सहन होत नाही.' 'मी स्वतःकडून फार जास्त अपेक्षा ठेवते.' आपलं ठेवायचं झाकून, ही आमची सगळ्यांची जुनी सवय. साहेबही खूश, आम्हीही खूश.

ताई मात्र पुस्तकं खरीच वाचायच्या. तेही भिंग घेऊन. पहिल्यांदा त्यांची पाळी आली तेव्हा उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, 'पुस्तक चांगलं आहे. बावीस चुका आहेत.' आणि खरोखर पानांच्या कडेला पेन्सिलीने बावीस खुणा. एकदा तर 'यश' हा शब्दच उलटसुलट छापलेला. सगळे खो खो हसले. साहेबही हसले, पण दात मिटून. त्या दिवशी मी ताईंना म्हटलं, 'कशाला सांगायचं? त्यांचं पुस्तक त्यांना लखलाभ.' तर म्हणाल्या, 'अगं, विचारलं ना काय दिसलं? मला हे दिसलं.'

असं माणूस. विचारलं तर सांगणारं. अशा माणसाला दोष विचारू नये, आणि विचारलाच तर कागदावर मागू नये.

आता ती ओळ. साहेब यायच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. मुलांच्या तापाच्या औषधाचा कागद होता. जेवणानंतरची वेळ, मी वाचत होते. मुलीचा निकाल त्या दिवशी लागायचा होता, म्हणून फोन मांडीवर ठेवलेला. मजकुरात दोन ओळी एकाखाली एक होत्या. एक, 'गरोदर स्त्रियांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.' दुसरी, 'सहा महिन्यांखालील बाळांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.' शेवट सारखाच. अक्षरं जुळवणाऱ्या पोराची नजर पहिल्या 'देऊ नये'वरून थेट दुसऱ्याच्या पुढे गेली, आणि बाळांची ओळ छापायचीच राहिली. असं होतं, म्हणून तर आम्ही. पण नेमका तेव्हाच फोन थरथरला. मी खाली पाहिलं, वर पाहिलं, 'देऊ नये' दिसलं, तिथून पुढे वाचत सुटले. त्याने गाळलेली ओळ मीही गाळली. ताई नमुन्यावर बघत होत्या, नमुन्यात ती ओळ नव्हतीच. माझं वाचणं आणि त्यांचं बघणं तंतोतंत जुळलं. ताई म्हणाल्या, 'हं.'

गाडीत खोकी चढवताना औषध कंपनीचा माणूस आला होता, त्याने सहज एक कागद उघडला आणि ओळ नाही हे पकडलं. एकही कागद बाहेर गेला नाही. सगळा माल रद्दीत घालून पुन्हा छापला. तेव्हाचे साहेब म्हातारे होते, दुसऱ्या महिन्यात घरी जायचे होते. ते म्हणाले, 'चूक माणसाच्या हातून होते, पकडली हे महत्त्वाचं.' त्यांनी कागदावर काही येऊ दिलं नाही. आम्हा दोघींना बोलावून मूळ मजकुरातली ती ओळ बोटाने दाखवली. मी ती पाहिली. ती ओळ मी पहिल्यांदा पाहत होते. वाचलेली ओळ तोंडात राहते, ही माझ्या तोंडातून कधी गेलीच नव्हती.

मी बोलणार, तेवढ्यात ताईच बोलल्या. 'हिने वाचली असणार. मला जेवणानंतर जरा जड होतं हल्ली. माझंच लक्ष उडालं.' आणि मी? मी मूग गिळून बसले. वाटलं, कागदावर तर काही येत नाहीये, मग कशाला? संध्याकाळी बसस्टॉपवर ताई म्हणाल्या, 'मुलीला किती मार्क पडले?' चांगले पडले होते. मी सांगितले.

तर त्या चुकीची नोंद जगात कुठेच नव्हती. मग नव्या साहेबांनी आळसावरचं पुस्तक ताईंना दिलं, आणि ताईंनी ते परत करताना पिवळ्या चिठ्ठीवर सुबक अक्षरात लिहिलं: 'जेवणानंतर माझं लक्ष हलतं. गेल्या हिवाळ्यात बाळांच्या औषधाची एक अख्खी ओळ माझ्या डोळ्यांदेखत सुटली. बाहेर गेली असती तर काय झालं असतं, हा विचार रोज येतो. आता दुपारचं प्रत्येक काम मी दोनदा बघते.' खाली पूर्ण नाव, तारीख. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी वहीत नोंद केली, चिठ्ठी वाचली, पाकिटात घातली आणि कपाट लावलं.

आणि दोनदा बघते म्हणजे खरंच दोनदा. मला खोकला आला तरी त्या ओळीवर परत यायच्या. काम सावकाश व्हायला लागलं. मी वैतागायची. वैतागायची, हे लिहिताना लाज वाटते, पण वैतागायची.

मागच्या वर्षी मशीन आलं. दोन कागद शेजारी ठेवले की फरक लाल करून दाखवणारं. मशीन कागद वाचतं, पण कागद ठेवायला माणूस लागतो. एक. साहेबांनी आम्हा दोघींना एकत्र बसवून सांगितलं, 'दोघींपैकी एकीला ठेवता येईल. दुसरीला मुदतीआधी निवृत्ती. वरच्यांना दोन आठवड्यांत कळवायचंय.' ताईंची चार वर्षं राहिली होती, माझी बारा. माझ्या मुलीचं शिक्षणाचं शेवटचं वर्ष बाहेरगावी. ताईंना मूल नव्हतं, पण ताईंना ते टेबल होतं. दुसरं काहीच नव्हतं हो त्या बाईला. सकाळी कुलूप उघडलं की आधी खुर्चीवरून हात फिरवायच्या.

बाहेर आल्यावर म्हणाल्या, 'अगं, काम बघूनच ठरवतील ना. आपण आपलं काम करायचं.'

त्याच आठवड्यात गुरुवारी साहेब तपासणीच्या खोलीत आले. ताई चहाला खाली गेल्या होत्या. म्हणाले, 'कट्ट्याच्या सगळ्या चिठ्ठ्या काढून द्या. नावांप्रमाणे लावून. उपक्रमाचा अहवाल पाठवायचाय.' मी म्हटलं, 'कट्ट्यापुरत्या होत्या ना?' साहेब म्हणाले, 'कट्टा कोणाचा आहे?' आणि गेले.

मी कपाट उघडलं. पाकिटं रिकामी केली, टेबलावर ढीग घातला, नावं लावली. सुरीकाकांच्या सहा. हिशेबनिसाच्या पाच. माझ्या सात, एकीपेक्षा एक गुणी. ताईंच्या सहा. त्यात ती. ती मी वेगळी काढली. हातात धरली. माझ्या पर्सचं तोंड उघडंच होतं, टाकायची तेवढी राहिली होती. कोण मोजणार होतं चिठ्ठ्या? वही माझीच. जिन्यावर ताईंच्या चपला वाजायला लागल्या आणि मी ती चिठ्ठी गठ्ठ्यात परत सारली. घाईत सारली असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. घाई नव्हती. ताईंना जिना चढायला वेळ लागतो, गुडघे दुखतात त्यांचे. मला भरपूर वेळ होता.

सोमवारी ताईंना आत बोलावलं. दहा मिनिटांत परत आल्या. खुर्चीत बसल्या, भिंग हातात घेतलं, खाली ठेवलं. मी विचारलं, 'काय झालं?' त्या म्हणाल्या, 'त्यांनी माझी चिठ्ठी वाचून दाखवली. बरोबरच आहे गं त्यांचं. माझंच अक्षर, माझीच सही. म्हणाले, जिथे औषधाचा प्रश्न आहे तिथे असा धोका कसा घ्यायचा?' मग म्हणाल्या, 'तुझ्या चिठ्ठ्या चांगल्या होत्या म्हणाले. मला बरं वाटलं. तुझ्या मुलीचं वर्ष पार पडेल.'

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण किती सहज म्हणतो. चोराला समोर बसून ते बघावं लागतं तेव्हा कळतं. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. साहेबांचं दार बारा पावलांवर होतं. मी उठले आणि ताईंसाठी पाणी आणलं.

निरोपाच्या दिवशी वाचनकट्ट्यातर्फे भेट म्हणून पुस्तक दिलं. आयुष्य नव्याने कसं सुरू करावं, त्यावरचं. निवडलं साहेबांनी, कागद मी गुंडाळला. आत पाकीट होतंच, पिवळ्या चिठ्ठीसकट. साहेब बोलले की ताई म्हणजे प्रामाणिकपणाचा आदर्श. सुरीकाकांनी टाळ्या वाजवल्या, त्या वेळेआधीच.

मशीन चांगलं आहे. 'हं' म्हणत नाही एवढंच.

मी सात महिने ताईंकडे गेले नाही. फोन यायचा त्यांचा, मी कामात आहे म्हणायची. शेवटी मुलीनेच विचारलं, 'ताईमावशींकडे का जात नाहीस गं? भांडलीस का?' आणि गेल्या रविवारी मी उठले आणि गेले. ठरवून गेले, की सांगायचं.

तिसरा मजला, दोन खोल्या. आई खाटेवर बसलेल्या. खाटेचा एक पाय आखूड, त्याखाली ते भेटीचं पुस्तक घातलेलं, कागदसुद्धा पुरता काढला नव्हता. ताई वाळल्या होत्या. मला बघून एवढ्या खूश झाल्या, की मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. चहा झाला. आईंची औषधाची वेळ झाली, तर ताई गोळ्यांचं पाकीट घेऊन दाराकडे निघाल्या. मी म्हटलं, 'कुठे?' म्हणाल्या, 'शेजारणीकडून वाचून आणते. मी नाही वाचत आता. आईचा जीव आहे, माझ्या डोळ्यांचा काय भरवसा?'

मी म्हटलं, 'डोळे दाखवलेत का?'

'दाखवले. दोन ठिकाणी. डोळे उत्तम आहेत म्हणतात.' त्या हसल्या. 'उत्तम आहेत, तर मग ओळ कुठे गेली गं?'

एकोणीस वर्षं ज्या बाईच्या डोळ्यावर हजारो औषधं बाहेर गेली, ती स्वतःच्या आईची गोळी शेजारणीला दाखवत होती. मला बसवेना. मी उभ्यानेच सांगितलं. फोन थरथरला ते सांगितलं, निकाल सांगितला, दोन 'देऊ नये' सांगितले. 'मी ती ओळ वाचलीच नाही, ताई. तुम्ही बरोबर बघत होतात.' मग चिठ्ठीचंही सांगितलं. हातात धरली होती, परत सारली, सगळं. रडू आलं नाही. रडण्याची सोय मी स्वतःला कशाला देऊ?

ताई दाराशी पाकीट हातात धरून उभ्या. आईंनी विचारलं, 'काय म्हणतेय ती?'

'काही नाही आई. ऑफिसचं जुनं काम आहे.'

मग मला म्हणाल्या, 'साहेबांना सांगितलंस?'

'नाही.'

'सांगणार आहेस?'

मी खाली पाहिलं. मुलीचे चार महिने राहिले आहेत, एवढंच माझ्या तोंडात आलं, आणि तेवढंही मी बोलले नाही. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, जसा नमुना बघायच्या तसं, वरपासून खालपर्यंत. म्हणाल्या, 'हं.'

कपाट उघडून त्यांनी साड्यांखालून रुमाल काढला, रुमालातून भिंग. खाटेवर आईंशेजारी बसल्या. पाकिटातला घडीचा कागद उलगडला. आणि आम्ही कामावर वाचायचो ना, तसं मोठ्याने वाचायला लागल्या. 'सकाळी एक गोळी, स्वल्पविराम, जेवणानंतर, पूर्णविराम.'

सवयीने माझ्या तोंडून गेलं, 'हं.'

ताई थांबल्या. कागदावरून नजर न काढता म्हणाल्या, 'तू नको म्हणूस.' आवाज नेहमीचाच होता. मग आईंच्या कानाशी वाकून म्हणाल्या, 'आई, मी ओळ वाचली की तू हं म्हण.'

आईंना निम्मं ऐकू येत नाही. तरी त्या म्हणाल्या, 'हं.'

ताईंनी पुढची ओळ घेतली. मी पर्स उचलली आणि दार ओढून घेतलं.